मेथडिस्ट म्हणजे कुठली वाट?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आपल्याकडे माणसाची ओळख विचारायची एक ठरलेली रीत आहे. आधी नाव, मग आडनाव, मग गाव. तेवढ्यानं समाधान झालं नाही, तर शेवटचा प्रश्न येतो, 'पण तुमचं मूळ कुठलं?' बाकीच्यांना हा प्रश्न सहज विचारला जातो आणि उत्तरही सहज मिळतं. ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसाला तो विचारला, की त्यात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, 'तुम्ही इथलेच का?' माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोललं जातं, मी कविता मराठीत लिहितो, तरी हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. म्हणून दुसरं कुणी आपलं मूळ शोधू लागलं, की माझे कान टवकारतात.

सातारा-सांगली भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांना 'तुमचं चर्च कुठलं?' असं विचारलं, तर आज बरेच जण 'सीएनआय' म्हणतात. साताऱ्याची जुनी माणसं 'अमेरिकन मिशन' म्हणतील. मिरजेची जुनी माणसं 'प्रेस्बिटेरियन' म्हणतील. पण अशाच एखाद्या घरातल्या जुन्या कागदावर 'मेथडिस्ट' असा शब्द निघाला, तर काय समजायचं? हा शब्द आला कुठून? आजची गोष्ट या एका शब्दाची आहे.

मला तो भेटला कासच्या पठारावर. काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात आमचा पंधरा-वीस जणांचा गट साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटानं कासला गेला होता. कुणी शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेले, दोन-तीन कॉलेजची मुलं आणि सांगलीहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना 2012 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कास आहे. त्यामुळे गर्दी वाढली आहे. पण सकाळी लवकर गेलं, की पठार अजून आपल्याशी बोलतं. खाली जांभा दगडाचा सडा आणि त्यावर मातीचा पातळ थर. मोठं झाड तिथं सहसा तग धरत नाही. पण तेवढ्याशा मातीत तेरडा, गेंद, सोनकी, सीतेची आसवं अशी फुलं पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपला सगळा संसार आटोपून घेतात.

आमच्या वाटाड्यानं पाण्याच्या डबक्याकाठी थांबवून एक दोन फाट्यांचा तुरा दाखवला. म्हणाला, 'हा वायतुरा. याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.' ते खरं आहे. अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस असं त्याचं नाव आहे. गटातल्या एका मुलानं मूळ बघायला म्हणून रोपाकडे हात नेला, तेव्हा वाटाड्यानं त्याला थांबवलं. 'मूळ बघायला रोप उपटायचं नसतं,' एवढंच तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर बाई माझ्या बरोबरीनं चालत होत्या. म्हणाल्या, 'भाई, तुम्ही जुनी कागदपत्रं चाळत असता. आमच्याकडे एक कागद आहे. आजोबांचा. त्यावर मेथडिस्ट लिहिलंय. पण आम्ही तर कधीच मेथडिस्ट नव्हतो. धाकटा भाऊ म्हणतो, कशाला उकरून काढतेस? तुम्हाला काय वाटतं?'

मला वाटलं ते असं, की आधी या शब्दाचा प्रवास समजून घ्यावा. मेथडिस्ट पंथाचा आरंभ अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला. जॉन वेस्ली (1703-1791) आणि त्यांचे भाऊ चार्ल्स ऑक्सफर्डला असताना काही तरुणांसह नेमानं प्रार्थना, उपास, वाचन आणि कैद्यांची सेवा करत. सगळं कसं ठरल्या पद्धतीनं. म्हणून इतरांनी त्यांना चेष्टेनं 'मेथडिस्ट' म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं, तर 'नेमवाले'. चेष्टेचं नाव पुढे पंथाचं नाव झालं. 1739 मध्ये ब्रिस्टलजवळ वेस्ली चर्चच्या भिंती सोडून उघड्या माळावर, कोळशाच्या खाणीतल्या मजुरांपुढे बोलू लागले. मग आयुष्यभर घोड्यावरून गावोगाव हिंडले. एका धर्मगुरूनं एकाच परगण्यात राहावं, ही हद्द त्यांना मान्य नव्हती. वारी आणि फकिरी पाहिलेल्या आपल्या मुलखाला अशा फिरत्या धर्माचं नवल वाटायला नको.

ही हद्द न मानण्याची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण महाराष्ट्रात मिशनांचा सगळा कारभार हद्दीवर चालला होता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. पुढे अहमदनगर हे त्यांचं मोठं केंद्र झालं. 1842 मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' निघालं. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी 1848 मध्ये खालसा केलं आणि पुढच्याच वर्षी या मिशननं साताऱ्यात ठाणं केलं. हे लोक काँग्रिगेशनल पंथाचे. कोल्हापुरात 1852 मध्ये रॉयल गूल्ड वाइल्डर आले. त्यांचं काम 1870 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं आणि तिथून सांगली-मिरजेकडे पसरलं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं.

म्हणजे सातारा काँग्रिगेशनल आणि सांगली-मिरज प्रेस्बिटेरियन. एकानं दुसऱ्याच्या मुलखात सहसा ठाणं करायचं नाही, अशी मिशनांची आपसातली समजूत होती. साताऱ्याचा शेतमजूर ख्रिस्ती झाला, तर तो काँग्रिगेशनल झाला. मिरजेचा झाला, तर प्रेस्बिटेरियन. त्यानं पंथांची तुलना करून निवड केली, असं नाही. त्याच्या गावावरून कुणाचा रस्ता जात होता, यावर ते ठरलं. आपल्याकडच्या पंथांच्या नावांत श्रद्धेपेक्षा भूगोलच जास्त आहे, असं मला या शोधात वाटू लागलं.

मग मेथडिस्ट कुठे होते? अमेरिकेचे मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आले. त्यांचा भर आधी शहरांतल्या इंग्रजी बोलणाऱ्या वस्तीवर होता. कचेऱ्यांतले, रेल्वेतले, लष्करातले लोक. मुंबईतले जॉर्ज बोवेन, जे अमेरिकन मिशनचे आणि अत्यंत साध्या राहणीमुळे लोकांत आदर पावलेले, त्यांनी या कामाला साथ दिली आणि पुढे ते मेथडिस्टांतच सामील झाले. पुण्यात मेथडिस्टांच्या सभा सुरू झाल्या. सरकारी मोजणी खात्यात काम करणारा, बंगळूरला जन्मलेला विल्यम ओल्डहॅम हा तरुण पुण्यातल्या अशाच एका सभेनं बदलला. हाच माणूस 1885 मध्ये सिंगापूरला गेला आणि तिथं त्यानं मेथडिस्ट काम उभं केलं. पुण्याच्या छावणीतल्या एका सभेचा धागा थेट सिंगापूरपर्यंत जातो.

पण बाईंचा धागा पुण्याकडे जात नव्हता. त्यांनी कागद दाखवला तेव्हा ते लक्षात आलं. ते एक पत्र होतं, 1912 सालचं, बाळबोध मराठीत. जुन्या काळी एका मंडळीतला सभासद दुसऱ्या गावी राहायला गेला, की पाळक त्याच्याजवळ पत्र द्यायचे, की हा आमचा चांगल्या वर्तनाचा सभासद आहे, आपण याला आपल्या मंडळीत घ्यावं. पत्रावर गाव होतं बेळगाव.

बेळगाव! तिथं गोष्टीचा गुंता सुटू लागतो. बेळगावात 1820 मध्ये जोसेफ टेलर आले, ते लंडन मिशनरी सोसायटीचे. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बेननसाहेबांचं नाव तिथल्या बेनन स्मिथ शाळेमुळे बेळगावकरांच्या ओळखीचं आहे. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीनंही हे ठिकाण मोठं आहे. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी 1831 मध्ये बेळगावातच जन्मले, लंडन मिशनच्या शाळेत शिकले आणि 1854 मध्ये बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1857 चं 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. विधवांच्या दुःखावरची ती कादंबरी लिहिणारा माणूस सीमाभागातल्या या मंडळीतून आला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

1904 मध्ये लंडन मिशननं बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवलं. शाळा, मंडळ्या, माणसं, सगळं. म्हणजे बेळगावच्या आसपासचा जो ख्रिस्ती माणूस 1903 मध्ये 'लंडन मिशनचा' होता, तो दोन वर्षांनी 'मेथडिस्ट' झाला. त्यानं काही बदललं नव्हतं. दारावरची पाटी बदलली होती.

आता बाईंच्या आजोबांचा प्रवास पाहा. त्यांचे वडील लंडन मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. आजोबा लहानपणी लंडन मिशनचे, शाळकरी वयात मेथडिस्ट. तोवर पुण्याहून मिरजेवरून बेळगावला जाणारी रेल्वे झाली होती. मिरजेच्या मिशन रुग्णालयात वैद्यकीय काम शिकायला वेगवेगळ्या मिशनांतले तरुण येत, तसेच हेही आले. बेळगावच्या पाळकांचं पत्र खिशात होतं. मिरजेच्या मंडळीनं त्यांना घेतलं आणि ते प्रेस्बिटेरियन झाले. 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' म्हणून एकत्र आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं आणि घरचं नाव पुन्हा बदललं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर या एकीकरणातून बाहेर राहिले. 1981 पासून ते 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वतंत्रपणे चालतात. म्हणून बाईंच्या घरात मेथडिस्ट हे नाव पुसलं गेलं आणि बेळगावच्या त्यांच्या चुलत नातेवाइकांकडे ते टिकलं. तीन पिढ्या आणि पाच नावं. यात एकाही माणसानं आपली श्रद्धा बदलली नव्हती.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, 'म्हणजे आम्ही एका जागी बसून होतो आणि स्टेशनंच पुढे सरकत होती!'

पण पंथाचं नाव ही फक्त वाट झाली. मूळ त्याच्याही मागे असतं. ते कुठे सापडतं? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. मी वनस्पतींची वाळवलेली पानं जपून ठेवलेल्या संग्रहांबद्दल वाचलं आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा असा मोठा संग्रह आहे. तिथं प्रत्येक कागदावर वनस्पतीचं नाव, ती मिळाली ते ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. बाप्तिस्म्याची नोंद अगदी तशीच असते. नाव, बापाचं नाव, गाव, तारीख आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव. एका ओळीत एक आख्खा माणूस.

आम्ही बेळगावला गेलो. तिथल्या पाळकांनी मोठ्या अगत्यानं जुनी वही काढून दिली. पानं कडांना झिजलेली, शाई विटलेली. पणजोबांचं नाव निघालं. आधीचं नाव आणि नवं नाव. चिकोडीच्या बाजूचं एक लहान गाव. आणि त्यापुढे जात. गावकुसाबाहेरची.

बाई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. भावाला नेमकी याचीच भीती होती. 'कशाला उकरून काढतेस?' या त्याच्या बोलण्यामागे हेच होतं. आपल्याकडे अनेक ख्रिस्ती घरांत मूळ विसरलं गेलं नाही, ते मुद्दाम गुंडाळून ठेवलं गेलं. मिशनची शाळा, नवं नाव, पांढरा सदरा यांतून जी मान ताठ झाली होती, ती जुनं नाव निघाल्यावर पुन्हा वाकेल, असं त्यांना वाटायचं. त्यात 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान त्या यादीत आलेले नाहीत. म्हणजे गाव जात विसरत नाही आणि कागद ती मानत नाही, अशी दोन्हीकडून कोंडी. अशा वेळी माणूस गप्प राहणंच पसंत करतो. हे मला परकं नाही. आमच्यातही पिंजारी, शिकलगार, बागवान, तांबोळी, अत्तार ही आडनावं कामधंदा सांगतात. तरी लग्नाच्या बोलणीत काही जण एकदम अरबस्तानचं मूळ काढतात!

साताऱ्यात या बाबतीत एक मोठा दाखला आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. त्या आडनावात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे गाव आहे. तो मुलगा पुढे कोण झाला, हे जगाला माहीत आहे. त्यांनी मूळ लपवलं नाही आणि त्याखाली दबूनही राहिले नाहीत. शाळेच्या पटावरची एक ओळ किती मोलाची असते, हे महाराष्ट्र सरकारनं 2017 पासून 7 नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' ठरवून मान्य केलं.

आणि साताऱ्याचंच आणखी एक नाव घ्यायला हवं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलांमुलांचा हा कवी 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये मोठं काम केलं आणि 1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून मोकळा होऊन साताऱ्यात राहिला. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पंथांच्या परदेशी पाट्या इथल्या माणसांच्या गळ्यात कशाला, हा त्यांचा सवाल होता. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ते दिवस मराठी वाचकाच्या घरात राहिले. टिळकांनी आपलं ब्राह्मण मूळ कधी नाकारलं नाही आणि संतांशी असलेलं नातंही तोडलं नाही. मूळ सांगायला त्यांना अडचण नव्हती, हे खरं. ज्यांना ती होती, त्यांनी ते सांगणं जास्त कठीण आणि म्हणून जास्त मोलाचं.

अशी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी या शोधातून हाती आलेल्या चार गोष्टी सांगतो. घरातल्या जुन्या कागदावरचं पंथाचं नाव म्हणजे दिशादर्शक पाटी समजा, मुक्काम नव्हे. साताऱ्याच्या माणसाला 'मेथडिस्ट' शब्द सापडला, तर पुणे किंवा बेळगावकडे पाहा. जिल्ह्याच्या आजच्या सीमांवर जाऊ नका. सांगली जिल्हा 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे वाळवा-तासगावकडच्या गावाचा जुना उल्लेख साताऱ्यात सापडेल. बेळगाव 1956 पासून दुसऱ्या राज्यात आहे, पण तिथल्या वह्यांतली माणसं दोन्हीकडची आहेत. आणि इथं काही मिळालं नाही, तरी धीर सोडू नका. लंडन मिशनची कागदपत्रं लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेत आहेत, अमेरिकन मिशनची हार्वर्डला, प्रेस्बिटेरियनांची फिलाडेल्फियाला आणि मेथडिस्टांची न्यू जर्सीतल्या ड्र्यू विद्यापीठात. चिकोडीजवळच्या एका वाडीतल्या माणसाची खबर सातासमुद्रापार नीट बांधून ठेवलेली असू शकते.

पण इथल्या वह्या मात्र वाळवी आणि ओल खात आहेत. दर पावसाळ्यात त्यांतली काही पानं जातात. पंथ कुठलाही असो, या वह्या त्या-त्या चर्चच्या तर आहेतच, पण त्या आपल्या सगळ्यांच्याही आहेत. ज्या माणसांची नावं सातबाऱ्यावर नव्हती, वतनाच्या कागदांत नव्हती, त्यांचं नाव-गाव बापाच्या नावासकट पहिल्यांदा जिथं मानानं लिहिलं गेलं, अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. त्यांचे फोटो काढून ठेवायला आज फार खर्च येत नाही. गावातल्या कॉलेजनं, इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकानं, चार तरुणांनी मनावर घेतलं, तर एका सुट्टीत एका चर्चचं काम होईल.

बाईंनी पुढे काय केलं, तेही सांगतो. त्यांनी वहीतली ती ओळ स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. गाव, दोन्ही नावं, जात, तारीख. काहीही गाळलं नाही. घरी आल्यावर तो कागद त्यांनी आजोबांच्या पत्राशेजारी चौकटीत लावला. भाऊ महिनाभर बोलला नाही. मग एका रविवारी तो आपल्या नातवाला घेऊन आला आणि त्याला त्या भिंतीसमोर उभं करून म्हणाला, 'वाच.'